मामींचा रंग आणि काकूंची गाडी

बुधवार, ९ ऑक्टोबर. सकाळी गाडी पुन्हा आपल्या मनाने ओरडली. मी पाय उचलला तरी थांबेना. किल्ली फिरवून बंद केली, तोवर फाटकाजवळची कुंडी फुटली. मला काही झाले नाही. गुलाब दुसऱ्या कुंडीत लावला. मिस्त्रींना निरोप धाडला. रविवारी दंतवैद्य गाडी पाहायला येणार. मामींना काय सांगावे?

मामींना काही सांगायची गरजच पडली नाही. काकूंचं डायरीत हे लिहून होईपर्यंत कुंडीची बातमी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये पोचली होती, आणि मामी हातात रंगाची गन तशीच धरून रस्त्यात येऊन उभ्या होत्या.

या मामी नक्की कोणाच्या मामी, ते आता कोणालाच आठवत नाही. गॅरेज नवरा-बायकोचं. इंजिन, ब्रेक, चाकं हे मिस्त्रींचं खातं; पत्रा आणि रंग मामींचं. उघडं लोखंड दिसलं की त्यांच्या हाताला खाज सुटायची. गॅरेजची बादली, शिडी, नळ, मिस्त्रींच्या जेवणाच्या डब्याचं झाकण, काही म्हणून त्यांनी सोडलं नव्हतं. मिस्त्री गिऱ्हाइकांना बजावायचे, "इथे फार वेळ उभे राहू नका. रंगवून काढलं तर मी जबाबदार नाही."

"यांना तेवढं अजून रंगवलं नाही," मामी आतून ओरडायच्या. "यांच्यावर प्रायमरच धरत नाही!"

इतकी वर्षं मामींच्या वाट्याला आले ते चेपलेले दरवाजे आणि खरचटलेले बंपर. आख्खी गाडी, आतून-बाहेरून, अशी पहिल्यांदा मिळाली ती काकूंची. काकांच्या वेळची, गोल दिव्यांची, मेहनतीने जपलेली. मामींनी तिला फिक्या पिवळ्या रंगात न्हाऊ घातलं. बॉनेट उघडलं तर आतला पत्राही ताटासारखा लखलखीत. ती पाहून काकूंचे दंतवैद्य खुळावले. त्यांच्याकडे अशा दोन जुन्या गाड्या चादरीखाली उभ्या होत्या. "रविवारी मला एक चक्कर मारून आणा," ते म्हणाले होते, "मग दोन्ही तुमच्याच हवाली."

आणि नेमकी आत्ता ही गाडी कुंड्या फोडत सुटली होती.

मिस्त्री काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. ॲक्सिलरेटर अडकतो म्हटल्यावर त्यांनी आधी पायाखालची चटई काढली. मग पेडलला तेल दिलं. मग कार्बोरेटर उघडून साफ केला, त्याची स्प्रिंग बदलली. शेवटी पेडलपासून इंजिनापर्यंतची केबलच नवी टाकली. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुपारी गॅरेजमध्ये आणावी, तर पाय उचलताच आवाज गपकन खाली. डॉक्टरच्या दारात पाय ठेवला की ताप उतरतो, त्यातली गत.

"घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "सगळं नवीन आहे. बॅटरी तेवढी जुनी. सेल्फ जरा रडत फिरतो, पण त्याचा ॲक्सिलरेटरशी काय संबंध?"

"दुपारी रडतो?" मामींनी विचारलं.

"दुपारी कशाला रडेल? इंजिन गरम असतं, हात लावला की चालू होतं. सकाळी रडतो."

"आणि अडकतो कधी?"

"सकाळी. थंडीने होत असेल."

"थंडी! इथे पंख्याशिवाय झोप लागत नाही, आणि हिला थंडी वाजते. अहो, तुम्ही स्प्रिंग बदलली, केबल बदलली, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. आज गाडी इथेच राहू दे. सकाळी तिला कोणी हात लावायच्या आत बघू."

सकाळी मिस्त्री आत बसले, मामी उघड्या बॉनेटपाशी उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी सेल्फ मारला. घर्रर्र, घर्रर्र. पुन्हा मारला. चांगला पाच-सहा वेळा रडून झाल्यावर इंजिन एकदाचं पेटलं. मिस्त्रींनी ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, आणि गाडी जी किंचाळायला लागली ती काही केल्या थांबेना.

"बंद करा, बंद करा!"

रंग मारण्याआधी पत्रा थंड आहे की गरम, हे मामी नेहमी हात लावून बघत. ती सवयच. आताही त्यांनी इंजिनावर हात ठेवला. गार. बाजूच्या पत्र्यावर ठेवला. गार. मग केबलवर बोट टेकवलं आणि "आई गं!" म्हणून झटकलं.

"काय झालं?"

"केबल भाजली मला! इंजिन गार, आणि ही तव्यासारखी!"

मिस्त्री बाहेर आले. त्यांनीही केबलला बोट लावलं, ओढून घेतलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "अगं, हिच्यातून करंट जातोय! म्हणून तापते, आतलं अस्तर मऊ होतं, तार धरून बसते. गार झाली की पुन्हा मोकळी."

"केबलमधून करंट? ती काय विजेची वायर आहे?"

"नाही ना! इंजिन रबरावर बसलेलं असतं. सेल्फचा करंट परत जायला एक तांब्याची विणलेली पट्टी असते, इंजिनापासून बॉडीपर्यंत. ती वाट बंद झाली, तर तो सापडेल त्या वाटेने जाणार. बारीक केबल ती, किती सोसणार?" बोलता बोलता ते पाना घेऊन गाडीखाली शिरलेही. "पट्टी तर आहे इथे. घट्टही आहे. थांब, खोलून बघतो."

खालून बोल्ट सुटल्याचा आवाज आला.

"अहो? काय दिसतंय?"

"तूच बघ."

मामी जमिनीवर आडव्या झाल्या. पट्टी जिथे बोल्टने बसते तिथला पत्रा, कोणाच्याही नजरेला कधी न पडणारी ती रुपयाएवढी जागा, सुरेख पिवळी होती. रंगाचे दोन हात. एक थेंब ओघळला नव्हता. रंगाच्या वेळी पट्टी मामींनीच काढली होती, जागा घासून रंगवली होती, आणि वाळल्यावर पट्टी जिथल्या तिथे आवळून बसवली होती.

"रंगातून करंट जात नाही होय?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"तुझ्या रंगातून तर पाणीही जात नाही."

मिस्त्रींना हसू आवरेना, पण मामींचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. "हे बघ, रविवारी डॉक्टरांना सांगू, मिस्त्रीने पट्टी सैल ठेवली होती. माझं काय जातंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकून करू काय? आत माझाच रंग आहे." मामी उठून बसल्या, कपाळावरची माती पुसली. "उद्या त्यांच्या गाड्या रंगवताना ती जागा मी कोरी सोडली, तर का सोडली म्हणून विचारतील. तेव्हा काय सांगू? पॉलिश पेपर द्या इकडे."

जन्मात पहिल्यांदा मामींनी आपला चांगला रंग आपल्या हाताने खरवडला, अगदी लख्ख लोखंड लागेपर्यंत. प्रत्येक घासण्यासरशी त्यांच्या तोंडून "च्" निघत होतं. मिस्त्रींनी पट्टी बसवली, भाजलेल्या केबलच्या जागी आणखी एक नवी टाकली. सेल्फ मारला, तर पहिल्याच हाकेला इंजिन हजर. जुन्या बॅटरीवरचा आळही गेला.

रविवारी सकाळी थंड इंजिनावर काकूंनी स्वतः गाडी काढली. शेजारी दंतवैद्य, मागे मामी आणि मिस्त्री. गाडी चौकात आली. मामींनी पुढे वाकून सगळं सांगून टाकलं: कुंडी, केबल, रुपयाएवढी पिवळी जागा. मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिले.

"म्हणजे चूक तुमची?" दंतवैद्यांनी मागे वळून विचारलं.

"रंग माझा, म्हणजे चूक माझीच."

"हं. मीही दात भरण्याआधी खरवडतो, मामी. जे खरवडायचं ते राहिलं, की पेशंट पुन्हा येतो आणि बोंबलतो." ते थोडा वेळ गाडीचा आवाज ऐकत राहिले. काकूंनी पाय उचलला, आवाज शहाण्यासारखा खाली आला. "पण दोन्ही नको. आधी एकच देतो. निळी. ती महिनाभर सकाळी नीट चालू झाली, तर दुसरीचं बोलू."

"एक तर एक," मामी म्हणाल्या, आणि लगेच, "कुठला निळा? आकाशी का शाईसारखा?"

घरापर्यंत त्यांचा तोच वाद चालला. मिस्त्रींना कोणी विचारलं नाही, आणि त्यांची काही तक्रारही नव्हती. काकूंनी सगळ्यांना वर नेलं. वाद पुरा होईस्तोवर दोनदा चहा झाला.

त्या संध्याकाळी काकूंनी डायरीत लिहिले: चहापत्ती संपली. उद्या आणणे.