आमची आडवी

माझी सून सिटी बस चालवते. अकरा वर्षं झाली. आता हे मी कोणी न विचारताच सांगते, पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं विचारलं तरी सांगत नव्हते. "ट्रान्सपोर्टमध्ये आहे," एवढं म्हणून विषय बदलायचे. समोरच्याला वाटायचं, कुठेतरी ऑफिसात टेबलावर बसत असेल. मीही वाटू द्यायचे.

मी स्वतः टायपिस्ट. एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. बढतीची, बदलीची, निवृत्तीच्या निरोपाची. माझ्या हातचा खाडाखोडीचा कागद कधी साहेबांच्या टेबलावर गेला नाही, हे मी जरा मिजाशीनेच सांगते. कचेरीने मशिनं भंगारात काढली तेव्हा माझं मी घरी आणलं. ते जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर ठाण मांडून बसलंय, त्यामुळे चौघांच्या टेबलावर तिघंच बसू शकतात. घरात तिघंच आहोत, म्हणून निभावतं.

तिसरा माझा मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. घरातला एक जण दिवसभर वर-खाली आणि दुसरी आडवी, असं तो म्हणतो आणि स्वतःच हसतो. "आडवी" कुठून आलं ते सांगायलाच मी बसले आहे.

सून दिसायला किरकोळ. उंची बेताची, म्हणून सीटवर जाड उशी घेऊन बसते. बस सुरू करण्याआधी सगळे आरसे स्वतःच्या हाताने पुसते, धुलाईवाल्यांनी पुसले असले तरी. बोलणं इतकं कमी की लग्न होऊन आली तेव्हा हिच्याशी भांडायचं तरी कसं, हा मला प्रश्नच पडला होता. स्वभावाने नाकासमोर चालणारी. अशा मुलीला सगळ्या शहराने आडवी म्हणावं, याची मला आधी लाज वाटली आणि मग चीड आली.

तिची बस रेल्वे स्टेशनपासून कारखान्यांपर्यंत जाते. मध्ये दुभाजक आणि जायला दोन, यायला दोन लेन, असा तो रस्ता आहे. सकाळी आठ ते दहा त्या रस्त्यावर प्रत्येक जण आपापल्या उशिराचा सूड दुसऱ्यावर उगवत असतो. वाटेत पांढऱ्या पट्ट्यांची सहा क्रॉसिंग आहेत. पट्टे रंगवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलंय, पण गाडीवाल्यांच्या लेखी ती रस्त्यावरची नक्षी आहे.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी हॉस्पिटलसमोरच्या क्रॉसिंगवर तिने बस थांबवली. अगदी नियमाप्रमाणे, पट्ट्यांच्या अलीकडे, सरळ. फुटपाथवर चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई उभी होती. रोजची, तोंडओळखीची. सुनेने तिला हाताने "या" असं केलं. बाई निघाली, बसच्या पुढून गेली, आणि बसचा आडोसा संपला तिथे शेजारच्या लेनमधून मोटरसायकल आली, थांबलेल्या बसला बगल देऊन, भरधाव. मोटरसायकलवाल्याला बाई दिसली नाही आणि बाईला तो दिसला नाही. दोघांच्या मध्ये आमच्या सुनेची बस उभी होती.

बाई वाचली. पाय दोन ठिकाणी मोडला आणि आठ महिने घरात काढले तिने. सून दर सुट्टीला तिच्याकडे जायची, तासभर बसायची, भांडी घासून द्यायची आणि परत यायची. चौकशीत तिच्यावर काहीच आलं नाही, येण्यासारखं काही नव्हतंच. मी तिला म्हटलं, तुझी काडीचीही चूक नाही. त्यावर ती म्हणाली, "चूक नाही, आई. पण हात मी केला होता."

त्यानंतर तिने थांबायची पद्धत बदलली. क्रॉसिंग जवळ आलं की वेग कमी करते, इशाऱ्याचे दिवे लावते आणि बसचं नाक हळूहळू आतल्या लेनमध्ये वळवते. मागचा भाग फुटपाथच्या कडेला, पुढचा दुभाजकापाशी. दोन्ही लेन बंद. मागून सायकलसुद्धा निसटत नाही. मग आरशात बघते, सगळे थांबल्याची खात्री करते, आणि तेव्हाच हात करते. शेवटचं माणूस पलीकडे पोचलं की बस सरळ करून निघते. एका क्रॉसिंगला अर्धं-पाऊण मिनिट जातं.

त्या अर्ध्या मिनिटासाठी लोकांनी तिला काय काय ऐकवलं ते मी टाइपही करणार नाही. रिक्षावाले, ट्रकवाले, टाय लावलेले गाडीवाले, सगळे यात एका पंगतीचे. तिच्या डेपोतल्या ड्रायव्हरांनी तिचं नाव आडवी ठेवलं. "आली का आडवी?" "आज किती जणांना आडवी गेलीस?" मग ते नाव रस्त्यावर आलं, आणि तिथून जिना चढून आमच्या मजल्यापर्यंत. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, ती आडवी म्हणजे तुमचीच का हो? मी म्हटलं, आमच्या घरात सगळे सरळ आहेत. दार जरा जोरातच लावलं.

सहा क्रॉसिंगांची साडेतीन-चार मिनिटं होतात. पुढच्या गाडीला तेवढा उशीर, परतीच्या फेरीला तेवढाच, आणि कारखान्यातलं हजेरीचं मशिन कोणाच्या चार मिनिटांची गय करत नाही. प्रवाशांच्या तक्रारी गेल्या. गेल्या महिन्यात तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. वारंवार विलंब, आणि बस तिरपी उभी करून वाहतुकीस अडथळा. खुलासा समाधानकारक नसेल तर तिला रस्त्यावरून काढून डेपोच्या आवारात टाकणार होते. तिथे धुतलेल्या गाड्या रांगेत लावायच्या, एवढंच काम. चालवणं संपलंच म्हणायचं.

या मुलीला दुसरं काही येत नाही असं नाही, पण तिला दुसरं काही नकोय, हे मला ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा खिडकीतून रस्त्याकडे बघत बसणारी ती. डेपोतल्या जुन्या माणसांनी सांगितलं की माफीपत्र द्या, प्रकरण मिटतं, सगळे तेच करतात. मी तिला न विचारता मशिनवर कागद चढवला. माफीपत्रं मी शेकड्याने टाइप केली आहेत, बोटांना मजकूर पाठ आहे. दोनच वाक्यं लिहिली. झालेल्या विलंबाबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे मी क्रॉसिंगवर बस आडवी उभी करणार नाही.

तिने वाचलं, छान टाइप झालंय म्हणाली, आणि घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला.

सुनावणी तिच्या सकाळच्या फेरीनंतर होती. मी सोबत जायचं ठरवलं आणि तिच्याच बसमध्ये बसले. खरं सांगायचं तर अकरा वर्षांत तिच्या बसमध्ये बसायची ती माझी पहिलीच वेळ. डाव्या खिडकीची जागा धरली. पहिलं क्रॉसिंग आलं, बसचं नाक वळलं, आणि मागे भोंग्यांचा जो गदारोळ उठला त्याने मी पुढच्या सीटची दांडी धरली. ती मात्र आरशात बघत होती. आधी आरसा, मग हात.

फुटपाथवरून माणसं उतरली. हॉस्पिटलच्या दोन आया, कुबडीवाला एक माणूस, हातात नकाशांची गुंडाळी घेतलेली एक मुलगी. मी बघत राहिले, कारण काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते पटकन लक्षात येईना. मग आलं लक्षात. ती माणसं चालत होती. त्या रस्त्यावर मीही तीस-पस्तीस वर्षं इकडून तिकडे गेले आहे, पण पदर खोचून, पिशवी छातीशी धरून, पळत. रस्ता ओलांडणं म्हणजे पळणं, असंच मला वाटत आलं होतं. कुबडीवाला तर मध्ये थांबून कुबडीची पकड नीट करून घेत होता. माझे डोळे भरून आले आणि मी खिडकीबाहेर बघितलं, उगाच तिच्या लक्षात यायला नको.

डेपो मॅनेजर जुना ड्रायव्हरच. जाडजूड, कपाळाला कायम आठ्या, टेबलावर गरम पाण्याचा थर्मास. मी बाकावर बाहेर बसते म्हटलं, तर आत या म्हणाले. सुनेने खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि कागद माझ्याकडे फिरवून विचारलं की हे काय आहे.

मी बघितलं तर शेवटच्या वाक्यातला शेवटचा शब्द, "नाही", पेनाने एका रेघेत खोडला होता. आणि समासात, बरोबर त्या ओळीपाशी, तिची छोटी सही.

ते मीच तिला शिकवलं होतं. घराच्या भाडेकराराचा कागद भरताना तिच्याकडून चूक झाली तेव्हा मी म्हटलं होतं, खोडलंस तर बाजूला छोटी सही कर, म्हणजे कळतं की हे चुकून झालेलं नाही, ठरवून केलंय. माझ्या हातचा पहिला खाडाखोडीचा कागद साहेबांच्या टेबलावर पडला होता आणि मला राग यायला हवा होता. राग आला नाही. भीती मात्र वाटली, आणि ती चांगलीच वाटली.

मॅनेजरांनी तिला विचारलं की बस आडवी लावा असं नियमात कुठे लिहिलंय. ती म्हणाली, "नियमात थांबा असं लिहिलंय, साहेब. मी एकटी थांबले होते तेव्हा एका बाईचा पाय मोडला. मी हात केला की माणूस माझ्या भरवशावर पाऊल टाकतं. मग मागच्यालाही मीच थांबवायला हवं."

इतकं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

मॅनेजरांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाले की खाडाखोडीचा कागद फाइलला लागत नाही. उद्या स्वच्छ प्रत आणा. तो शब्द ठेवायचा की नाही ते घरी जाऊन ठरवा, आणि नसला तर मला काय करावं लागू शकतं हे लक्षात असू द्या.

रात्री ती फेऱ्या संपवून घरी आल्यावर मी मशिनपुढे बसले. ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुम्हाला नको वाटत असेल तर मी हाताने लिहिते. माझं टाळकं सडकलं. घरात मशिन असताना हाताने लिहिलेला अर्ज माझ्या सुनेचा जाणार? मी कागद चढवला. पहिलं वाक्य तसंच ठेवलं. दुसऱ्यात "उभी करणार" पर्यंत आले आणि बोट सवयीने "नाही"च्या पहिल्या कळीवर जाऊन टेकलं. इतक्या वर्षांत माणसांनी काय काय करणार नाही म्हणून लिहून दिलं होतं, सगळं याच बोटांनी. मी बोट उचललं आणि पूर्णविराम मारला. इतक्या जोरात की कागदाला भोक पडलं आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी ती प्रत दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघत, तिच्याशी बोलल्यासारखं म्हणाले, "काल संध्याकाळी मी हॉस्पिटलसमोर जाऊन उभा राहिलो. चार वेळा रस्ता ओलांडला. तीन वेळा पळालो. चौथ्यांदा तुमची बस होती."

चालवणं तिच्याकडेच राहील, असं त्यांनी सांगितलं. वेळापत्रक सैल करायचं ते वरच्या कचेरीला लिहिणार होते, पण होईल याची हमी देत नव्हते. विलंब मात्र झालाच होता आणि त्याची नोंद करणं त्यांना भाग होतं. त्यांनी सुनेचं सेवापुस्तक उघडलं. अकरा वर्षांची पानं स्वच्छ होती, ठपक्याचा रकाना कोरा. त्यात त्यांनी आमच्यासमोर लिहिलं, पेन दाबून, सावकाश: रस्ता ओलांडणारा शेवटचा माणूस पलीकडे पोचल्याशिवाय चालक बस हलवत नाही, त्यामुळे विलंब.

बाहेर बाकावर आल्यावर सुनेला रडू आलं. नोकरी टिकली होती, पण कोरा रकाना गेला होता, आणि तो तिने फार जपला होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला सांगायचं होतं की मला तिचा अभिमान वाटतो, आणि या वेळी मी ते मनात ठेवलं नाही. "अगं, रडतेस काय?" मी म्हटलं. "चौतीस वर्षं मी मोठमोठ्या लोकांची प्रशस्तिपत्रं टाइप केली. तुझ्या ठपक्याइतकं चांगलं एकातही कोणी कोणाबद्दल लिहिलेलं नव्हतं."

तिने डोळे पुसले आणि घड्याळ बघितलं. दुपारच्या फेरीला अकरा मिनिटं होती आणि आरसे अजून पुसायचे होते.