कोठीमागच्या विहिरीची मोजणी

“काका, विहीर पहिल्यापासून कोठीचीच आहे, एवढं एक वाक्य इतिहासात टाका. बाकी तुम्हाला हवं ते लिहा,” समीर म्हणाला.

समीर मुंबईच्या एका फिल्म कंपनीचा लोकेशन मॅनेजर. शूटिंगसाठी जागा शोधायची, मालकाशी करार करायचा, जागेचे कागद तपासायचे, हे त्याचं काम. कामरगावच्या पुढे एका गावात जी दुमजली कोठी आहे, ती त्याच्या मालिकेत संस्थानिकाचा पॅलेस होणार होती. याआधी तिथे दोन गाण्यांचं शूटिंग झालं होतं. या वेळी काम मोठं होतं. म्हणून फाटकावर इतिहासाचा बोर्ड लावायचा होता आणि तो मी लिहावा असं कोठीचे मालक विक्रमभाऊ यांनी ठरवलं होतं. कारण या कोठीची सरकारी मोजणी मी केली आहे. मी मोजणी खात्यात भूमापक होतो. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली.

बोर्डाचा एक मसुदा आधीच तयार होता. ‘तीनशे वर्षांपूर्वी एका शूर सरदाराने बांधलेला राजवाडा’ अशी त्याची सुरुवात होती.

मी विक्रमभाऊंना म्हणालो, “वरच्या दिवाणखान्याचे गर्डर लोखंडी आहेत. त्यांवर विलायती कारखान्याचं नाव उठलेलं आहे. तीनशे वर्षांपूर्वी ते कसे आले?”

“काका, टीव्ही पाहनारा मानूस गर्डर वाचते का?”

“कोठी तुमच्या पणजोबांनी बांधली. कापसाच्या व्यापारावर. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?”

“लाज नाई. पन कापसाच्या व्यापाऱ्याचं घर पाहाले कोन येते?”

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग समीरने विहिरीचं वाक्य काढलं.

विहीर कोठीच्या मागच्या पक्क्या भिंतीला लागून आहे. तिच्यापलीकडे माळ्यांचा भाजीचा मळा, मेथीचा आणि सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा. मळ्यातून विहिरीपर्यंत एक बोळ येतो. समीरला विहिरीवर बरेच सीन करायचे होते. अडचण अशी की तिथे मोटार बसवलेली, पाइप टाकलेला, आणि दिवसातून चार वेळा कांताबाई माळीण ये-जा करणार. बोळ बंद करायला लोखंडी फाटक तयार होऊन भिंतीला टेकवून ठेवलं होतं. कंपनीच्या वकिलाने फक्त एक विचारलं होतं: विहीर आणि बोळ नक्की मालकाचा आहे ना? सरकारी नकाशात दोन्ही मालकाच्याच हद्दीत होती. त्या नकाशावर सही माझी होती.

तेवढ्यात कांताबाई स्वतःच आली. हातात विळा, पदराला चिखल. ओसरीवर न चढता ती खालीच उभी राहिली.

“भाऊ, फाटक कायले बसवून राह्यले?”

“शूटिंगपुरतं हाय, कांताबाई.”

“शूटिंग दोन महिने चालते म्हने. दोन महिने मेथी-सांभार पान्यावाचून राह्यते का?” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “हे कोन?”

“मोजणीवाले काका. यायनंच मोजलं होतं हे सारं.”

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मंग बरं झालं. आमची बुढी मरेस्तोवर सांगे का मोजणीवाल्या साहेबानं इहिरीचं लिवून घेतलं हाय. तुमीच सांगा यायले.”

मी उठलो. तब्येतीचं कारण काढून घरी आलो.

आता जे घडलं होतं ते सांगतो.

गावठाणाची मोजणी म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक घराची हद्द ठरवून नकाशा करणं. आम्ही प्लेन टेबल वापरायचो. तीन पायांवरचा लाकडी पाट, त्यावर ताणून बसवलेला कागद. टेबल जिथे उभं करायचं, त्या जागेची खूण कागदावर सुईने टोचायची. तिथून नेम धरून पेन्सिलीने रेषा मारायच्या. पुढे ऑफिसात पक्क्या रेषांवर शाई फिरवायची आणि बाकीच्या रबराने खोडायच्या. हद्द मालकाने दाखवायची, पण शेजाऱ्यासमोर. शेजाऱ्याला आम्ही लगतधारक म्हणतो. त्याचा जबाब घ्यायचा आणि नोंदवहीत ‘हरकत आहे’ किंवा ‘हरकत नाही’ लिहायचं.

मला नोकरी लागून चार वर्षं झाली होती. मोजणीची दवंडी आदल्या संध्याकाळी दिली गेली आणि दुसऱ्या दिवशी कामरगावचा बाजार होता. खुडलेली भाजी थांबत नाही. कांताबाईची सासू गिर्जाबाई पहाटेच टोपली घेऊन गेली होती.

सकाळी मी कोठीच्या मागे गेलो. पक्की भिंत विहिरीपाशी आत वळलेली मला स्पष्ट दिसली. कोणी उगाच भिंत वाकडी बांधत नाही. विहीर आधीची होती. कोठी नंतर आली आणि विहीर बाहेर सोडून बांधली गेली. बांधकामाचा चुना घाण्यात मळायलाही पाणी तिथलंच गेलं असणार. मी टेबल बोळात लावलं, सुई टोचली, बोळाच्या दोन तुटक रेषा मारल्या.

तेव्हाच्या मालकांचे दिवाणजी सोबत होते. ते विहिरीच्याही पुढे गेले आणि मळ्याच्या काट्याच्या कुंपणाला हात लावून म्हणाले, “हद्द इथवर.”

“लगतधारक कुठे आहेत?”

“बाजाराले गेली. यीन दुपारी. तुमी जेवून घ्या.”

जेवण कोठीतच होतं. पुरणपोळी, वर तूप. माझ्यासारख्या कारकुनाच्या पोराला त्याआधी अशा दिवाणखान्यात कधी कोणी पाटावर बसवलं नव्हतं. जेवण झालं, उन्हं कलली, दुसऱ्या दिवशी पुढच्या मोजणीसाठी धनजला जायचं होतं. मी नोंदवहीत लिहिलं: ‘लगतधारक गैरहजर. हरकत नाही.’ कुंपणाला हद्द धरली. पुढे ऑफिसात बोळाच्या तुटक रेषा खोडल्या. मिळकत पत्रिका हा घराच्या मालकीचा कागद. त्यात दुसऱ्याच्या वाटेचा, पाण्याचा हक्क लिहायला सुविधाधिकार नावाचा रकाना असतो. त्यात मी लिहिलं, ‘निरंक’. म्हणजे काही नाही.

सामान बांधत असताना गिर्जाबाई आली. रिकामी टोपली काखेत, बाजारातून थेट. फाटकाबाहेरूनच तिने विचारलं, “साहेब, माह्या इहिरीचं लिवलं ना?”

मी म्हणालो, “लिहिलं.”

मेथीची एक जुडी न खपता उरली होती. ती तिने माझ्या पिशवीत घातली. मी घेतली.

कोठीवाल्यांनी पुढे कधी पाणी अडवलं नाही, म्हणून ते माझं ‘लिहिलं’ इतकी वर्षं टिकलं.

चौथ्या दिवशी मी परत कोठीवर गेलो. बोर्डाचा मजकूर दिला. कोठी कोणी बांधली, कशावर बांधली, गर्डर, चुना, सगळं होतं. शेवटचं वाक्य असं होतं: ‘कोठीमागची विहीर कोठीहून जुनी असून ती माळी कुटुंबाच्या वहिवाटीत आहे.’

विक्रमभाऊंनी कागद दोनदा वाचला. “काका, नकाशावर सही तुमची हाय. तुमी तुमच्याच सहीच्या विरोधात जासान?”

“हो.”

“लोक म्हनतीन, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.”

“म्हणू द्या. मी ऑफिसात अर्ज करणार आहे. तुम्हाला आधी सांगायला आलो.”

समीर मध्ये पडला. “काका, आमचं शेड्यूल लागलंय. हे दोन महिन्यांनी करता नाही का येणार?”

“मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे. माझं पण शेड्यूल आहे.”

मग मी कांताबाईच्या मळ्यात गेलो. तिला सगळं सांगितलं, मेथीच्या जुडीसकट. ती वाफ्यातलं तण काढत होती. तिचा हात थांबला नाही. उपटलेलं तण बांधावर टाकत म्हणाली, “म्हंजे बुढीले तुमी खोटं सांगलं.”

“हो.”

“अर्जावर आंगठा लागते का सही?”

“सही चालते.”

“मले सही येते,” ती म्हणाली.

अर्ज तिच्या नावाने केला आणि माझं शपथपत्र जोडलं. सुनावणीला बसलेल्या, आमच्याच खात्यातल्या अधिकारी मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान होत्या. विक्रमभाऊ वकील घेऊन आले होते. वकील म्हणाले की इतक्या वर्षांनी म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर सरकारी नकाशा बदलत नसतो. बरोबरच बोलले. मी मॅडमना विनंती केली की छापील नकाशा नको, मूळ कागद मागवा, ज्यावर जागेवर काम झालं तो.

कागद आला. पिवळा पडला होता, पण धड होता.

“यावर बोळ नाही,” मॅडम म्हणाल्या.

“पेन्सिल मी खोडली. सुईचं छिद्र खोडता येत नाही. खिडकीपाशी धरून बघा.”

त्यांनी कागद उजेडात धरला. विहिरीच्या बाजूला, शाईच्या कुठल्याच रेषेवर नसलेलं एक बारीक छिद्र उजेडाने भरलं. त्याच्यापासून निघालेल्या दोन तुटक रेषांचे वळही तिरप्या उजेडात दिसले. मी तेव्हा पेन्सिल दाबून धरत असे. पुढे जागेची पाहणीही झाली आणि टेबलाची ती जागा बरोबर बोळात आली. पण त्या दिवशी मॅडमनी कागद खाली ठेवून नोंदवही उघडली.

“लगतधारक गैरहजर होत्या. मग ‘हरकत नाही’ असं कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मी लिहिलं.”

“का?”

“जेवण झालं होतं. उशीर होत होता.”

त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं जबाबात घेतलं. मी खाली सही केली.

निकाल पूर्ण आमच्या बाजूने लागला नाही. विहिरीची मालकी ठरवणं कोर्टाचं काम, असं आदेशात आहे. पण सुविधाधिकाराच्या रकान्यातलं ‘निरंक’ रद्द होऊन तिथे गिर्जाबाईच्या नावासह माळी कुटुंबाची बोळाची आणि पाण्याची वहिवाट नोंदली गेली. लोखंडी फाटक आता कोठीच्या गोठ्याला आहे. समीरने मोटार कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून तिच्यावर वाळलेलं गवत टाकलं आणि कांताबाईच्या वेळा सांभाळून शूटिंग केलं. बोर्ड लागला. त्यावर तीनशे वर्षं आणि शूर सरदार तसेच आहेत. माझा मजकूर घेतला नाही. तो मी इथे लिहिला.

विक्रमभाऊ माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या जागी मीही बोललो नसतो.

नोंदीची नक्कल मी कांताबाईला नेऊन दिली. तिने ती सावकाश वाचली, सासूच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “आता लिवलं.” मग पाइप उचलून ती वाफ्यावर गेली. मेथी ऐन भरात होती. तिने मला जुडी दिली नाही, हे योग्यच झालं.

या खात्यात नव्याने येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. माणूस समोर नसेल तर ‘गैरहजर’ लिहा आणि पेन खाली ठेवा. जेवण आपल्या डब्यातलं करा.