दुसरी चूल

आपलंच शरीर आपल्या मूत्रपिंडांवर उलटतं, हे मला फार पुढे, उतारवयात एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं. देश नुकताच स्वतंत्र झाला होता तेव्हा सालेकशाकडच्या आमच्या गावात त्याला नुसती 'सूज' म्हणत, आणि सूज कामचुकार सुनांनाच येते अशी सगळ्यांची खात्री होती.

गोंदियाच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "नमक बंद. नमक खाओगी तो बदन में पानी भरेगा." बाकीचं शिकवलं ते दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या मुर्री गावच्या एका बाईने. तिलाही हेच दुखणं. सकाळी उठल्याबरोबर नडगीवर अंगठा दाबायचा. खड्डा राहिला तर पाणी बेतानं प्यायचं, धानाच्या रोवणीला चिखलात उतरायचं नाही. लघवीला फेस आला तर कोणी काही म्हणो, पडून राहायचं. तिला सगळं ठाऊक होतं, पण घरी तिला अळणी रांधू कोण देणार? धान कापणीला यायच्या आत ती गेली. ते ऐकून मला रडू आलं नाही, संताप आला.

आमच्या सासूबाई डाळ चढवतानाच मीठ टाकत. माझी वेगळी शिजवते म्हटलं, तर म्हणाल्या, "या चुलीवर अळनी भांडं चढनार नाई. सारे खातेत ते तुले काऊन नाई चालत?" नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "थोडंसं मीठ खाल्ल्यानं कोनी मरते का?" मेलं होतं, मुर्रीत. पण ते त्याला बायकांचं काहीतरी वाटलं.

मग मी घरामागे तीन दगड मांडले आणि एका लहान गंजात माझी डाळ शिजवू लागले. थोड्याच दिवसांत तोंडावरची सूज उतरली, रुतणाऱ्या बांगड्या सैल झाल्या, पायांवरची तेवढी राहिली. ते घरात कोणाला दिसलं नाही. धूर मात्र दिसला. एका घरात दोन चुली पेटल्या की वाटणी, ही आमच्याकडची रीत. भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, गावातली जाणती माणसं अंगणात बोलावली.

भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नाहीत. म्हणून मी दारात उभी असताना ते नवऱ्याला म्हणाले, "तुह्या बायकोनं चूल मांडली. आता बांध्या कशा वाटाच्या ते सांग." झालं. तळ्याखालची बांधी, म्हणजे धानाचं शेत, कोणाला, बैलजोडी कोणाकडे, यावर घसे कोरडे होईपर्यंत बोलणं चाललं. या बाईला झालंय तरी काय, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही.

माझं डोकं फिरलं. मी पुढे आले, सगळ्यांसमोर नडगीवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "हे पाहा. मले जमीन नाई पायजे. मले अळनी डाळ पायजे." खड्डा तसाच राहिला होता. पण सुनेचा उघडा पाय म्हणून सगळ्यांनी माना फिरवल्या.

शेवटी त्यांच्यातला सर्वांत म्हातारा खाकरला. "सुतकात आपन आंगनात दगडावर अळनी रांधतोच. त्याले कोनी दुसरी चूल म्हनत नाई. हिचंबी तसंच समजा."

सगळ्यांना ते पटलं, वाटणी टळली. भासऱ्यांचा चेहरा खुलला, सासूबाईंनी सुस्कारा सोडला. नवऱ्याने मलाच पानसुपारी आणायला सांगितलं.

मी धडधडीत जिवंत उभी होते आणि माझं सुतक धरून यांच्या बांध्या वाचल्या होत्या. पानसुपारी मी आणली नाही. घरामागे गेले. गंज उचलून एकेकाच्या डोक्यात घालावा असं फार वाटलं. पण त्यात डाळ होती आणि मला जगायचं होतं. तिथेच बसून मी ती सगळी संपवली.