भिंतीपलीकडचे दोडके

नोकरी लागली तेव्हा मी वीस वर्षांची होते. कोरेगावपासून दीड कोसावरच्या एका खेड्यात शाळा मिळाली. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि लोकांच्या घरामागच्या परड्यांत पुन्हा हिरवं दिसू लागलं होतं. गावात भाजी विकत मिळत नसे. बाजार कोरेगावला, तोही शाळेच्या दिवशी. एरवी भाजी परड्याच्या भिंतीवरून यायची. कुणी मेथीची जुडी द्यायचं, कुणी चार वांगी. माझ्या आधीचे मास्तर जाताना सांगून गेले, "भाजीचा घोर करू नका, बाई. दारात आणून देत्यात लोकं."

माझ्या दारात कुणी आणून दिलं नाही. आम्ही बौद्ध. मी शाळेत जायच्या आधीच वडिलांनी दीक्षा घेतली होती, पण गाव जुनं विसरलं नव्हतं. पोरं 'बाई, बाई' करत भोवती नाचायची. त्यांच्या आया मात्र मला पाहून रस्त्याच्या कडेला व्हायच्या. मान म्हणून की दुसरं काही, हे कळायचं नाही, आणि ते न कळणंच मला पोखरायचं.

मी डाळ-भाकरीवर दिवस काढतेय हे वडिलांना पत्रातून समजलं. ते पलटणीतून निवृत्त होऊन कुंडलला राहत होते. घरामागं सांडपाण्यावर त्यांनी वांगी, घेवडा, शेवगा, पपई असं बरंच काही लावलं होतं. त्यांचा पलटणीतला एक सोबती पुढं रेल्वेत गार्ड झाला होता. त्याच्या हाती दर पंधरवड्याला एक लाकडी खोकं कोरेगाव स्टेशनावर यायचं. तळाला गवताची पिंजर, वर भाजी आणि सगळ्यांत वर केळीच्या पानात गुंडाळलेली पपई.

गाडीच्या तासभर आधी मी फलाटावर असायचे. बसवत नसे. या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. खोकं आलं की ते डोक्यावर घेऊन गावात शिरायचे आणि ओट्यांवरच्या बायका बोलायच्या थांबायच्या. पहिल्या चार दिवसांत निम्मी भाजी सडून जायची. एकटीनं किती खाणार?

उन्हाळ्याच्या शेवटी वडील स्वतः आले. परडं पाहून म्हणाले, "चार हात जमीन हाय की तुला. खोक्यावर किती दिस जगनार?" त्यांनीच भिंतीच्या कडेला दोडक्याचं बी लावलं.

वेल जोरात वाढला. आंघोळीचं पाणी मी त्यालाच घालायचे. पण श्रावणात माझ्या बाजूला नुसती पानं राहिली, आणि फळ धरलं ते सगळं भिंतीपलीकडं. पलीकडं शेतकरी कुटुंब होतं. मुलगा सैन्यात, घरात सासू आणि माझ्याच वयाची सून. मी रिकामं खोकं पालथं घालून त्यावर उभी राहिले. सात दोडके लोंबत होते, कोवळे, नख सहज रुतेल असे. वाटलं, घेतील. शेजारच्यांनी घ्यायचेच असतात.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, सात. तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशीही पाचच. ते पाच तसेच राहिले. जून झाले, पिवळे पडू लागले. मी शाळेत जाण्याआधी पाहायचे, आल्यावर चूल पेटवण्याआधी पाहायचे. एकदा फळ्यावर बेरीज चुकले आणि पोरांनीच ती दुरुस्त केली. त्या दिवशी घरी आले ती थेट खोक्यावर चढले. सून कपडे वाळत घालत होती.

"दोडके का काढत नाही तुम्ही?" मी विचारलं.

ती दचकली. "तुमच्या येलाची हायती. आमी कशी घ्यायची?"

"तुमच्या भिंतीवर आलेत. दुसऱ्या कुणाचे असते तर घेतले असते ना?"

सासू ऐकतेय का म्हणून ती घराच्या दाराकडं पाहत राहिली. मग भिंतीजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, दोन खाल्ली म्या. आत्ती लेकीकडं गेल्या व्हत्या तवा. लय ग्वाड व्हती. बाकीची ऱ्हाऊ दिली, न्हाईतर त्यास्नी समजलं असतं. तुमी मनात काय बी आनू नका."

"आणते," मी म्हणाले. "रोज आणते."

मला हसू आलं. चोरून खाल्लेल्या दोन दोडक्यांचा आनंद मानायचा की अपमान, ते ठरेना. मी तिला म्हटलं, "ते पाच इकडं द्या." तिनं दिले. ते पाटीत घालून मी वळसा घेतला आणि त्यांच्या पुढच्या दाराशी गेले. सासू सोप्यात घेवडा निवडत बसली होती.

"आजी, भाजी आणलीय."

तिनं पाटीकडं पाहिलं. "निबार हायती. कवळी असताना काढायची. ठेव, म्हशीला घालते."

"म्हशीला नाही. माणसांसाठी आणलेत."

ती सुपातल्या शेंगा घेऊन उठली आणि माझ्या पाटीवर हातभर उंचावर सूप धरलं. वरून ओतणार होती. मी पाटी मागं घेतली. "हातात द्या, आजी. नाहीतर राहू द्या."

सूप तसंच अधांतरी. तेवढ्यात सून बाहेर आली, सासूच्या हातातून सूप घेतलं आणि माझ्या हातात ठेवलं. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. सासू आत निघून गेली.

त्यानंतर सून दिवसाढवळ्या भिंतीवरून हात घालून दोडके काढायची आणि मला घेवडा, कधी अंबाडी द्यायची. सासूनं आमच्या वेलाचं कधी खाल्लं की नाही, सुनेनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण भिंतीपलीकडून एकदा सासूचा आवाज आला, "बाई, निबार व्हायच्या आदी काढा की!" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आनंदानं की कशानं, कुणास ठाऊक.

दोन वर्षांनी मिरजेला बदली झाली. निघताना त्यांच्या दारात गेले. सून रडली. सासू सोप्यातच बसून होती.

"जाते, आजी," मी म्हणाले.

"जाते म्हनू न्हाई," ती म्हणाली. "येते म्हनावं."

"येते," मी म्हणाले, आणि एसटी पकडायला धावले. परत त्या गावी मात्र कधी गेले नाही.