हिरो नसेल तेव्हाचा मास्तर

लंबू मास्तर शाळेत कवायत शिकवायचा. वर्गात शिरताना आठवणीनं वाकायचा आणि बाहेर पडताना विसरायचा, त्यामुळं कपाळाला कायम टेंगूळ.

या लांबीचा उपयोग एकच. देशाच्या बास्केटबॉल संघाला तो अडल्यावेळी बरा पडायचा. आणि अडायचं तर दर वर्षी. मोठ्या स्पर्धेत जायचं तर आधी पात्रता सामने जिंकायला लागतात. ते ठरवणारे शहाणे नेमके भर थंडीत ठेवतात, तेव्हाच परदेशातल्या श्रीमंत क्लबांचे सामने ऐन रंगात असतात. क्लबवाले कशाला आपला खेळाडू सोडतील? मग देशाचा लाडका हिरो तिकडं खेळणार, अन् इकडं मास्तर रजा टाकून गारठलेल्या हॉलमध्ये धडपडणार.

त्या वर्षी धडपडून तो जिंकून आला. शेवटच्या सामन्यात कुणाचं तरी कोपर लागून पुढचा दात गेला, पण गड्यानं चेंडू सोडला नाही. संघ पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत पोचला. मॅनेजर साहेबांनी मिठी मारली. "मास्तर, उन्हाळ्यात तुमच्याशिवाय पान हलणार नाही!"

उन्हाळा आला, क्लबांना सुट्टी लागली आणि हिरोला देश आठवला. साहेबांनी मास्तरला चहा पाजला आणि तोंडाला पानं पुसली.

"समजून घ्या हो. त्याच्या नावावर तिकिटं खपतात."

"आणि माझा दात कशात खपला?"

साहेब हसले. त्या गुळगुळीत हसण्याची मास्तरला अशी शिसारी आली, की अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला.

गावभर हिरोची चित्रं लागली. साबण हातात घेऊन बत्तिशी दाखवणारा हिरो. मास्तर बसस्टॉपवर त्याच्याकडं पाठ करून उभा राहायचा.

आणि स्पर्धेच्या तोंडावर साहेबांचा फोन. हिरो परत गेला होता. पुढचा हंगाम लवकर सुरू होतोय, गुडघा जपा, असा क्लबाचा हुकूम.

"गुडघा दुखतोय का?" मास्तरनं विचारलं.

"दुखत नाही. पण दुखला तर, म्हणून. नावं द्यायची मुदत आजच संपते. बॅग भरा, गाडी घेऊन येतो."

आई शेजारी बसून ऐकत होती. ती कडाडली, "सांग त्याला, माझा लेक पायपुसणं नाही म्हणावं! थंडीत पाय पुसायचे अन् उन्हाळ्यात दाराबाहेर फेकायचं!"

मास्तरकडं याहून झोंबरी उत्तरं होती, कित्येक दिवस घोटून ठेवलेली. पण तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "कधी येताय?"

फोन ठेवताच आई म्हणाली, "लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"वाटते की. त्यांची वाटते, माझी त्याहून जास्त. पण ती जागा मी कमावलीय, आई. ती दुसऱ्याच्या घशात कशी घालू?"

आईनं कपाळावर हात मारला आणि बॅग भरायला घेतली.

गाडीत साहेबांनी जर्सी पुढं केली. पाठीवर हिरोचं नाव. "घाईत राहिलं. वरून चिकटपट्टी लावू, लांबून कोण बघतंय?"

"गाडी थांबवा."

"मास्तर, उशीर होतोय..."

"माझं नाव शिवून आणा, नाहीतर मी इथंच उतरतो."

शेवटी साहेब स्वतः गेले शिंप्याकडं. उन्हात घाम पुसत, जर्सी हातात धरून ताटकळले. मास्तर गाडीच्या थंडगार हवेत पाय पसरून बसला होता. मजा वाटायला हवी होती, पण लाजच वाटत होती; त्यानं शिंप्याच्या दुकानाकडं पाठ फिरवली.