भुतांची आणि भोपळ्यांची गोधडी

लेकीची बारावी झाली त्या उन्हाळ्यात तिला परदेशातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे वर्षातले निम्मे महिने बर्फ असतं. व्हिसा यायचा होता, पण आम्ही तो आल्यासारखेच वागत होतो. जाड मोजे घेऊन झाले, मोठ्या बॅगा कपाटावरून खाली आल्या, आणि एका संध्याकाळी ती जुन्या कपड्यांचं बोचकं घेऊन माझ्यासमोर बसली.

शारजात अल मजाज भागातल्या आमच्या टॉवरमध्ये ऑक्टोबर संपता संपता मुलं हॅलोविनचे वेश करून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. ती चालायला लागल्यापासूनचे तिचे सगळे वेश मीच शिवले होते. चेटकिणीचा सॅटिनचा झगा, वटवाघळाचे पंख, भोपळ्याचा फुगीर अंगरखा, पांढरी हाडं आणि कवट्या शिवलेले काळे टी-शर्ट. तिने एकही टाकू दिला नव्हता.

"मम्मा, याची क्विल्ट करून दे ना. हॉस्टेलमध्ये माझ्या बेडवर. फर्स्ट हॅलोविनला."

"म्हणजे गोधडी."

"सेम थिंग."

सेम नव्हतं. आईकडून मी शिकले होते ती गोधडी जमिनीवर अंथरून, एका कडेने धावदोरा घालत पुढे सरकायची. हिला हवे होते मापात कापलेले चौकोन, प्रत्येकात एक चित्र, आणि सगळं मशीनवर जोडलेलं. तिने फोनवर नक्षीही काढून ठेवली होती. मी हो म्हटलं. नाही म्हटलं की कारणं द्यावी लागतात, आणि तेवढं बोलायचंही त्राण संध्याकाळी माझ्यात नसायचं. ऑफिस दुबईत. परतताना पुढच्या गाड्यांचे लाल दिवे बघत बसायचं, घरी येईपर्यंत खांदा आखडून जायचा. नवरा खोर फक्कानला, बंदरावर. आठवडाभर तो तिकडेच कंपनीच्या खोलीत राहतो, सुट्टीला घरी येतो. त्यामुळे मधले दिवस घरात आम्ही दोघीच.

काम किचकट निघालं. सॅटिनला कात्री लावली की दशा निघत. टी-शर्टचं कापड मशीनखाली ताणलं जाई आणि कवट्यांचे जबडे वाकडे होत. शेवटी मी जुन्या उशांचे सुती अभ्रे फाडले आणि प्रत्येक तुकड्याला मागून अस्तर लावलं, तेव्हा कुठे चौकोन ताठ राहायला लागले. ऑफिसातून आले की चहा घ्यायचा आणि जेवणाच्या टेबलावर मशीन काढायची. आम्ही दोघी सोफ्यावर ताटल्या घेऊन जेवायला लागलो.

आईने नाशिकहून व्हिडिओ कॉलवर ते सगळं पाहिलं.

"अंगावर घ्यायच्या पांघरुणावर कवट्या? पोरगी परदेशी निघालीय ना?"

"तिला आवडतात गं."

"मग निदान कोपऱ्यात आतून हळदीचं बोट लाव."

लावलं. लेक म्हणाली, "इट विल स्टेन, मम्मा." मी म्हटलं, लागू दे डाग.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी घरी आले तर सगळीकडे अंधार आणि तिच्या खोलीत एसी सुरू. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. लॅपटॉप पायथ्याशी उघडाच होता.

"रिफ्यूज्ड," ती म्हणाली.

"म्हणजे परत कागद मागितलेत?"

"म्हणजे नो, मम्मा."

मी ती ईमेल उभ्यानेच वाचली. शिक्षण संपल्यावर विद्यार्थिनी आपल्या देशात परत जाईल अशी खात्री पटत नाही, असं त्यात होतं. ती उठून बसली. "व्हिच देश? आय वॉज बॉर्न हिअर. इथे मी पप्पांच्या व्हिसावर आहे. इंडियात मी कधी महिनाभराच्या वर राहिले नाही. परत म्हणजे कुठे?"

मी तिच्याशेजारी बसले आणि खांद्यावरची पर्स काढायचीही विसरले. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी परत भरू. होईल, इन्शाल्ला." त्याच्या आवाजातही दम नव्हता.

नंतरचे आठवडे सुने गेले. तिच्या मैत्रिणी एकेक करून गेल्या. पहिल्या दोघींना सोडायला ती विमानतळावर गेली, नंतर डोकं दुखतंय म्हणू लागली. दुपारी उठायची. मी ओट्यावर झाकून ठेवलेलं जेवण संध्याकाळी तसंच असायचं. रागवावं तर कशावर, आणि समजूत काढावी तर काय सांगून? मी आले की विचारायचे, "जेवलीस?" ती म्हणायची, "लेटर."

गोधडी अर्धी झाली होती. चौकोन टेबलभर पसरलेले. ते उचलून पिशवीत भरावेत असं रोज वाटायचं, पण भरले असते तर काहीतरी कायमचं आवरून टाकल्यासारखं झालं असतं. म्हणून मी पुन्हा शिवायला बसले. कुणासाठी आणि कशासाठी, याचा विचार केला नाही. हाताला सवय होती.

एकदा ती पाणी प्यायला बाहेर आली आणि माझ्यामागे थांबली.

"बॅट उलटी लावलीयस."

"वटवाघळं उलटीच असतात."

"झोपलेली असतात तेव्हा. याचे पंख उघडे आहेत. इट्स फ्लाइंग."

तिने खुर्ची ओढली, मशीनखालून तो तुकडा काढून घेतला आणि टाके उसवायला लागली. उसवून झाल्यावर तिने वटवाघूळ सरळ टाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. पुढचा चौकोनही तिनेच टाचला. जेवायची वेळ झाली तेव्हा ती आपणहून म्हणाली, "पोळ्या मी गरम करते."

मग रोज बसायला लागली. मशीनची शिलाई संपली तेव्हा दोन जुन्या चादरी आत घालून, मागे माझी विटलेली सुती साडी लावून आम्ही सगळे थर जमिनीवर अंथरले आणि दोन बाजूंनी हाताने धावदोरा घालत मध्याकडे सरकू लागलो. तिचे टाके लांबलचक, माझे बारीक. असंच शिवताना तिने खाली बघत विचारलं, "मी गेले नाही, याचं तुला बरं वाटलं का? बी ऑनेस्ट."

"नाही," मी म्हटलं. "वाईटही नीट वाटलं नाही. मी दमलेय गं. बरं वाटायलासुद्धा ताकद लागते."

ती सुई हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, दुखावली. पण ती म्हणाली, "मी पण दमलेय. ऑल द टाइम." आणि पुढचा टाका घातला. त्या उन्हाळ्यात आम्ही एकमेकींशी बोललेलं खरं असं तेवढंच असेल.

हॅलोविनच्या आठवड्यात गोधडी पुरी झाली. त्या संध्याकाळी ती सोफ्यावर पसरून लेकीने दार उघडंच ठेवलं आणि येणाऱ्या मुलांना चॉकलेटं वाटली. पंख लावलेली एक चिमुरडी थेट आत आली आणि गोधडीवरच्या चेटकिणीच्या नाकावर बोट फिरवत बसली. तिची आई बाहेरून "यल्ला, यल्ला" म्हणत होती, तरी ती हलेना. लेक तिच्याशेजारी बसली आणि कुठला कपडा कितव्या वर्षीचा ते सांगू लागली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. खूप दिवसांनी तिचा आवाज मोठा आला होता.

मुलं यायची थांबल्यावर तिने दार लावलं. "इथल्या युनिव्हर्सिटीत जानेवारीत ॲडमिशन असते," ती म्हणाली. "मी फॉर्म भरलाय." मी "बरं" म्हणून उरलेली चॉकलेटं डब्यात भरू लागले. जास्त काही बोलले असते तर रडू आलं असतं, आणि ते मला नको होतं.

त्या सुट्टीला नवरा आला. जेवून गोधडी ओढून सोफ्यावर झोपला तो संध्याकाळपर्यंत. उठल्यावर म्हणाला, "मी नेऊ ही? तिकडे रूममेटला एसी फुल लागतो. कंपनीच्या ब्लँकेटने अंगाला खाज येते."

"पप्पा, त्यावर कवट्या आहेत," लेक म्हणाली.

"असू देत. ऊब आहे."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच घडी घालून गोधडी त्याच्या बॅगेत कोंबली. दोनतीन दिवसांनी त्याने लोखंडी पलंगाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं की रूममेट विचारतोय, हा तुमचा कुठला सण. काय सांगितलं, असं लेकीने विचारलं, तर त्याचं उत्तर आलं, "म्हटलं, बिल्डिंगचा."

आता ती इथल्याच युनिव्हर्सिटीत बसने जाते. परदेशाचा अर्ज पुन्हा करायचा का, हे ती अजून म्हणालेली नाही आणि मी विचारलेलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघी साधारण एकाच सुमाराला घरी पोचतो, तिच्या पाठीला जड बॅग, माझ्या डोळ्यांवर झापड. जी आधी येते ती भात लावते.