डावा गुडघा, उजवा गुडघा

गुडघ्यांना तेल चोळायला बसले की बिबवेवाडीतली ती फिनेलच्या वासाची खोली आठवते. माझी मुलगी आयटीत होती. हडपसरहून घरी येताना तिच्या स्कूटरला टेंपोने उडवलं आणि मागे बसलेला जावई गेला. तिची झोपच उडाली, म्हणून समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, डोळे मिटून तो दिवस आठवायचा, आणि त्याच वेळी दोन्ही गुडघ्यांवर आळीपाळीने हलक्या टपल्या मारायच्या, म्हणजे भीती उतरते. परक्या हाताला ती दचकायची, म्हणून टपल्या मारायला मला बसवलं. “अहो काकू, हळू. कणीक तिंबताय का?” बाई म्हणाल्या. मुलगी जराशी हसलीसुद्धा. डावा, उजवा, डावा, उजवा. “आता काय दिसतंय?” बाईंनी विचारलं. मला वाटलं, टेंपो म्हणेल. ती म्हणाली, “दवाखान्यात आई विचारतेय, नवऱ्याला मागे बसवून गाडी तू कशाला चालवत होतीस?” माझे हात थांबले. “काकू, थांबू नका,” बाई म्हणाल्या. मी टपल्या मारत राहिले. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी माझ्या मनगटावर पडत होतं. पुढे तिला झोप लागायला लागली. मी बोलले ते चुकीचं होतं, एवढं तिला सांगायला मात्र मला आजवर जमलेलं नाही.